फॅक्सला हात लावायचा नाही

भिवंडीत रामनाथशेठच्या कापडाच्या ऑफिसात फोन एकच, पण हक्क सगळ्या गल्लीचा. कुणी सासुरवाडीला, कुणी मुलाच्या कंपनीत हाच पीपी नंबर दिलेला. घंटा वाजली की कारकून केसरीनाथ दारातून हाक मारायचा, "गुणाबाई, तुमचा फोन हाय!" शेठ कुरकुरायचे. उपकार करणारा माणूस कुरकुरणारच.

ब्याण्णव साली शेठनी फॅक्स घेतला. मेकॅनिकनं भिंतीतून आलेली फोनची वायर मशीनमध्ये खोचली, मशीनमधून दुसरी फोनला जोडली, आणि घंटा वाजताच मशीनच उचलेल असं करून दिलं. दुसऱ्याच दिवशी केसरीनाथनं सवयीनं रिसीव्हर उचलला आणि मुंबईच्या व्यापाऱ्याची ऑर्डर मध्येच तुटली. शेठनी चारचौघांत त्याचा पाणउतारा केला. "यापुढं मशीनला हात लावायचा न्हाय!" केसरीनाथ म्हणजे आधीच गरीब गाय, त्यानं मान डोलावली. गल्लीनं चार शिव्या हासडून दुसरा नंबर शोधला.

पण अंबाडीला दिलेल्या केसरीनाथच्या लेकीला, कुंदाला, हे कोण सांगणार? नवरा मारायचा. मशीन यायच्या आधी तिचा फोन आला होता, "बाबा, मला न्यायला या." केसरीनाथ म्हणाला, "घरी बोलून सांगतो." ती म्हणाली, बाजाराला येईन तेव्हा बूथवरून परत फोन करते. पत्र टाकावं तर ते आधी सासूच्या हाती पडणार.

बाजाराच्या दिवशी दुपारी घंटा वाजली. मशीन किंचाळलं, कागद काही आला नाही. पुन्हा वाजली, पुन्हा तेच. कुंदाच ती, बापाला कळणार नाही तर कुणाला? मशीनच्या विजेची वायर हाताशी लोंबत होती, एक हिसका दिला की घंटा साध्या फोनवर आली असती. पण शेठ समोर पान लावत बसले होते. केसरीनाथचा जीव तीळतीळ तुटत होता आणि हात टेबलावर तसेच होते. आणखी एकदा वाजली. मग वाजलीच नाही.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी रजा टाकून त्यानं अंबाडीची एसटी धरली. नवरा, सासू शेतावर गेली होती; कुंदानं पाणी दिलं. तिचा एक डोळा सुजला होता. तो घाईघाईनं सांगू लागला की नवीन मशीन आलंय, तेच फोन उचलतं, शिट्टी मारतं.

"मला वाटलं तुम्हीच तोडताय," कुंदा म्हणाली. "घरी येऊन यांना सांगितलं, मला माहेर न्हाय. काय करायचं ते करा."

"चल पोरी, कपडे भर."

ती हलली नाही. "घंटा ऐकू येत व्हती तुम्हाला?"

"येत व्हती."

"मीच हाय, कळलं व्हतं?"

त्यानं होकारार्थी मान हलवली.

"मग?"

केसरीनाथनं खुंटीवरची पिशवी काढून तिच्यापुढं धरली. कुंदानं कपडे भरले. एसटीत त्याच्या शेजारची जागा रिकामी होती, तरी ती पुढं बायकांत जाऊन बसली. भिवंडी येईपर्यंत तिनं मागं वळून पाहिलं नाही.