मनुबाईचं ओलं कापड

चेंदणी कोळीवाड्यात मनुबाई कुणाच्या दारात उभी राहिली, की घरातली बाई आधी विचारायची, "का गो, कंला आयलीस?" आणि मनुबाई उसनी मिरची मागायला आली आहे असं कळलं, की तिचा जीव भांड्यात पडायचा. तसा मनुबाईचा स्वभाव वाईट नव्हता. तोंडानं फटकळ होती, पण कोळीवाड्यात फटकळ नाही कोण? लोक बिचकायचे ते तिच्या हाताला. कुणी गेलं आणि मुलगा समुद्रावर किंवा आखातात असला, तर तो येईपर्यंत मयताला बर्फ लावायला मनुबाईलाच बोलावत.

हे काम ती कुणाकडून शिकली नव्हती. नवरा कान्हा खाडीत होडी उलटून गेला तेव्हा त्याचा भाऊ परशुराम दालदी मच्छीमारांच्या बोटीवर दूर समुद्रात होता. त्याला यायला दीड दिवस लागला. तो दीड दिवस मनुबाईनं मासळीच्या बर्फात लुगड्याच्या चिंध्या भिजवून कान्हाच्या मानेवर, मनगटांवर ठेवल्या. दर थोड्या वेळानं बदलल्या. जिवंत माणसाच्या अंगावरचं ओलं कापड परत उचललं की ते ऊन लागतं. मेलेल्याचं कापड जसं ठेवलं तसंच परत येतं, घडीतला बर्फाचा कणसुद्धा विरघळत नाही. हे तिला त्या दीड दिवसात कळलं. लोक म्हणाले, बाई धीराची. धीर कसला डोंबलाचा! एखादं तरी कापड गरम परत येईल, म्हणून ती बदलत बसली होती.

पुढं ती जांभळी नाक्याच्या बाजारात मासळी विकू लागली आणि तिथं तिला त्र्यंबक कर्णिक भेटले. कर्णिक म्हणजे वर्तकनगरात राहणारे इंजिनियर, आणि मासळीची पारख अशी की कल्ला उचलून बघताना कोळिणीनंही मान डोलवावी. मुंबईतल्या हौशी मंडळींचा एक मोटार क्लब होता. ते कल्याणच्या पुढं, मलंगगडाच्या बाजूला, लढाईच्या काळात बांधलेल्या आणि आता ओस पडलेल्या विमानांच्या धावपट्टीवर वर्षातून एकदा गाड्यांची शर्यत लावत. कर्णिक तिथले नियमवाले. झेंडा त्यांच्या हातात, आणि माणसं सुरक्षित ठेवायची जबाबदारीही त्यांचीच.

एका वर्षी काय झालं, की पाहुणे उशिरा आले. एप्रिलातलं ऊन, खाली तापलेलं काँक्रीट, गाड्या रांगेत लावलेल्या, आणि चालक आत पट्टे आवळून, हेल्मेट घालून पाऊण तास बसलेले. दोघांना भोवळ आली. पुढच्या रविवारी कर्णिक मनुबाईसमोर पापलेट निवडता निवडता तिच्या बर्फाकडे बघत राहिले.

"मनुबाई, जिवंत माणसाला बर्फ लावशील का?"

"मेलेली तक्रार करत नाय, साहेब. तुजी मानसं करतील," मनुबाई म्हणाली. पण चौऱ्याऐंशी सालच्या एप्रिलात ती गेली.

लाकडी पेटीत भुशात पुरलेली बर्फाची लादी, एक मोठं घमेलं आणि जुन्या लुगड्याच्या धुतलेल्या पट्ट्या, एवढंच तिचं सामान. चौदा गाड्या होत्या. खिडकीतून हात घालायचा, एक पट्टी मानेवर, दोन मनगटांवर. चौदावी गाडी झाली की पुन्हा पहिलीपासून उचलत यायचं. कर्णिकांनी तिला एकच ताकीद दिली होती. चालकांचे डगले जाड सुती कापडाचे, तुरटी आणि टाकणखाराच्या पाण्यात भिजवून वाळवलेले. आगीनं लवकर पेटू नयेत म्हणून. त्या डगल्यावर पाण्याचा थेंब सांडता कामा नये.

"का रं? पान्यानं आग विझते ना?"

"अगं, आग लागली की त्या पाण्याची वाफ होते. आतला माणूस मोदकासारखा उकडून निघेल. डगला भिजला तर चालक बाद, मग तो कुणी का असेना. हा माझा नियम आहे."

पहिलं वर्ष चांगलं गेलं. कुणाला भोवळ आली नाही. कापडं तव्यावरून काढल्यासारखी गरम परत येत होती, आणि का कोण जाणे, मनुबाईला ते फार आवडलं. चौदा चौदा माणसांची ऊब हातात घेऊन ती पिळायची आणि मनात म्हणायची, जगा रे बाबांनो.

दुसऱ्या वर्षी निळ्या गाडीचं कापड थंड परत आलं.

गाडीतला माणूस हसत होता. कपाळावर घाम होता. "थँक्यू, मावशी," म्हणाला. आणि मनुबाईच्या हातात त्याच्या मानेवरची पट्टी होती, ठेवली तशी, घडीत बर्फाचा बारीक कण तसाच चमकत असलेली. वर ऊन रणरणत होतं, शेजारच्या गाडीचा पत्रा हाताला चटका देत होता. आपला हात बधिर झाला असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. दुसरी पट्टी ठेवली. तीही तशीच आली.

तिनं सांगायला हवं होतं. पण काय सांगणार, आणि कुणाला? मयताला बर्फ लावणारी कोळीण शर्यतीत येऊन म्हणते की हा माणूस मेलेला आहे. मग तिला तिथं कुणी उभं केलं असतं? बाजारात तरी तिच्या पाटीला कुणी हात लावला असता? ती गप्प बसली. झेंडा पडला. दुसऱ्याच फेरीला धावपट्टीच्या टोकाच्या वळणावर निळी गाडी उलटली.

अँब्युलन्स यायला वेळ होता. कर्णिकांनीच हाक मारली, "मनुबाई, बर्फ आण." तिनं त्याच पट्ट्या त्याच मानेवर ठेवल्या. या वेळी त्या थंड परत आल्या याचं कुणालाच नवल वाटलं नाही.

त्याचं नाव तिनं कधी विचारलं नाही. पण त्यानंतर बाजारात गिऱ्हाईक घासाघीस करत असलं, की मध्येच तिचं बोट पाटीतल्या बर्फावर थांबायचं आणि तिला "थँक्यू, मावशी" ऐकू यायचं.

एक वर्ष शर्यत झाली नाही. सत्त्याऐंशी साली झाली, आणि रांगेतल्या पाचव्या गाडीत कर्णिकांचा मुलगा शिरीष बसला. पंचवीस वर्षांचा, दोन वर्षं खपून त्यानं एका जुन्या फियाटचं इंजिन पुन्हा बांधलं होतं. पुढच्या वर्षीपासून ही धावपट्टी शर्यतीला मिळणार नाही असं ऐकिवात होतं, म्हणजे त्याची पहिली आणि शेवटची संधी ती हीच.

त्या दिवशी पाहुणे वेळेवर आले होते, पण तारेच्या कुंपणातून गुरं आत शिरली. ती हाकलेपर्यंत अर्धा तास गेला. मनुबाईनं पट्ट्या ठेवल्या, उचलायला सुरुवात केली. एक गरम, दोन गरम, तीन, चार. पाचवी उचलली आणि ती तिथंच थांबली.

घडी उलगडून पाहिली. कण तसाच होता.

"काय गं मावशी, थांबलीस का?" शिरीष म्हणाला.

तिनं नवी पट्टी ठेवली. त्याच्या गळ्यावरची शीर उडताना तिला दिसत होती. शीर उडत होती आणि पट्टी थंड होती. तिनं तिसरी ठेवली. मलंगगडाकडून गरम वाऱ्याचा झोत आला, सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ गेली, आणि तिच्या हातात कान्हाच्या मानेवरचं कापड होतं.

ती तडक कर्णिकांकडे गेली. "साहेब, तुजा पोर थंड परलाय."

"थंड ठेवायलाच तर तुला आणलंय."

"तसा नाय. निल्या गाडीचा परला होता, तसा."

कर्णिक तिच्याकडे बघतच राहिले. दोन वर्षांपूर्वीचं आपलं गुपित आपण बोलून बसलो, हे मनुबाईला तेव्हाच कळलं. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. "गाडी मी तपासलीय," ते हळू आवाजात म्हणाले. "स्वतः. स्क्रू न् स्क्रू. कोळिणीला काहीतरी वाटलं म्हणून मी माणूस बाद करू? कुठल्या नियमात?"

आणि ते झेंडा घेऊन रांगेच्या टोकाला चालू लागले. इंजिनं सुरू झाली. मनुबाई मागं वळली. "कुठल्या नियमात?" हे शब्द तिच्या कानात घुमत होते. तिनं घमेलं उचललं, पाचव्या गाडीपाशी गेली, आणि सगळंच्या सगळं बर्फाचं पाणी खिडकीतून शिरीषच्या अंगावर ओतलं.

केवढा गोंधळ झाला! शिरीष ओरडत होता, लोक हसत होते, कुणीतरी मनुबाईचा दंड धरला. डगल्यातून पाणी निथळत होतं, वर मासळीचा वास.

"बाबा, ही वेडी आहे! सांगा ना त्यांना!"

कर्णिक आले. त्यांनी मुलाकडे पाहिलं नाही, मनुबाईकडेही नाही. डगल्याची बाही चिमटीत धरून पिळली. पाणी गळलं.

"डगला भिजला. पाच नंबर बाद," ते म्हणाले. फार पटकन म्हणाले.

तेरा गाड्या धावल्या. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. संध्याकाळी शिरीष तीच फियाट चालवत वर्तकनगरला घरी गेला आणि गाडीनं वाटेत एकदाही कुरकुर केली नाही. मनुबाईचं खरं होतं याला पुरावा म्हणून काही उरलं नाही. धावपट्टी पुढं खरंच बंद झाली. शिरीषनं घरात सांगून टाकलं, त्या बाईची मासळी या घरात शिजली तर मी जेवणार नाही. त्याच्या आईनं, सुमतीबाईंनी, मग दुसरी कोळीण धरली. मनुबाईनंही शपथ घेतली की जिवंत माणसाच्या अंगावर पुन्हा कापड ठेवणार नाही. खरं ठरलं तर माणूस जातो, खोटं ठरलं तर शिव्या; कोणी सांगितलाय नसता उपद्व्याप!

कर्णिक मात्र येत राहिले. घेत काहीच नसत. दर रविवारी तिच्या पाटीसमोर उभं राहून बाजारभावावर टीका करायचे, आणि जाता जाता आपला तळहात चुकून लागल्यासारखा तिच्या ओल्या हातावर ठेवायचे. क्षणभरच. मनुबाई म्हणायची, "जा साहेब, ऊन वाढतंय." त्यात काय ते उत्तर आलं. नियमवाला माणूस आठ वर्षं दर रविवारी तिला एक प्रश्न विचारत होता आणि तो प्रश्न दोघांनी कधी उच्चारला नाही.

पंच्याण्णवच्या फेब्रुवारीत एका रविवारी तो तळहात थंड लागला.

मनुबाईनं वर पाहिलं. कर्णिक नेहमीसारखे उभे होते, टोपी सरळ, चष्म्याला दोरी. इथं कुणाला बाद करायचं, आणि पाणी तरी कुणावर ओतायचं? तिनं "ऊन वाढतंय" म्हटलं नाही. पाटीखालून स्वतःच्या घरासाठी ठेवलेलं मोठं पापलेट काढलं आणि खाली मान घालून सावकाश साफ करायला घेतलं.

"अगं, घरी चालणार नाही ते," कर्णिक म्हणाले.

"आज चालंल. पोटभर खा, साहेब."

कर्णिकांनी आपल्या तळहाताकडे पाहिलं. मग पिशवी पुढं केली. "हिरव्या वाटणाचं करायला सांगतो सुमतीला," एवढंच म्हणाले आणि गेले. मनुबाईनं त्या दिवशी बाजार अर्ध्यावर सोडला.

मंगळवारी सकाळी शिरीष कोळीवाड्यात आला. आठ वर्षांत कानशिलांवर केस पिकले होते. त्याला दाराशी उभा बघून, आयुष्यात पहिल्यांदा मनुबाईनं विचारलं, "कंला आयलास?" खरं तर तिला ठाऊक होतं.

"बाबा गेले. पहाटे, झोपेत. ताई कॅनडातून उद्या पोचेल." तो खाली बघत होता. "त्यांनी रविवारी रात्री चिठ्ठी लिहून ठेवलेली. बर्फ मनुबाईनंच लावायचा म्हणून. मावशी, रविवारी त्यांना काहीच होत नव्हतं गं."

वर्तकनगरच्या त्या खोलीत मनुबाईनं प्लास्टिक अंथरलं, भुसा पसरला, लादी फोडली. सगळं झाल्यावर मानेवर, मनगटांवर पट्ट्या ठेवल्या. सुमतीबाई आत बायकांत होत्या. खोलीत फक्त शिरीष होता, आणि परातीत ठिबकणारं पाणी. वेळ झाल्यावर तिनं मानेवरची पट्टी उचलली.

"मला दे," शिरीष म्हणाला.

त्यानं ती हातात घेतली, घडी उलगडली. आतला कण बघत राहिला.

"माझं असंच आलेलं?"

"हां."

"खोटं नाही सांगत?"

"तुज्या बापासमोर बसलेय मी. खोटं कंला सांगू?"

शिरीषनं पट्टी तिला परत दिली. मग शर्टाचं वरचं बटण काढलं आणि मान खाली वाकवली. लहान मुलासारखी, डोकं पुसून घ्यायला वाकवतात तशी.

"आत्ता बघ."

"नको रं. मी सोरलंय ते."

"बघ, मावशी. आठ वर्षं तुला शिव्या देतोय, आणि आठ वर्षं आरशासमोर स्वतःची मान चाचपून बघतोय."

 मनुबाईनं नवी पट्टी बर्फाच्या पाण्यात बुडवली, पिळली, घडीत एक कण ठेवला आणि ती त्याच्या मानेवर टाकली. शेजारी त्र्यंबक कर्णिक डोळे मिटून पडले होते, जणू निकालाची वाट बघत. परातीत थेंब पडत होते. कान्हाच्या वेळी बसली होती तशीच ती बसली, ओठ घट्ट मिटून, आणि देवाचं नाव घ्यायचंही तिला सुचलं नाही.

मग तिनं पट्टी उचलली. कण कुठंच नव्हता. ओलं, ऊन ऊन कापड तिच्या मुठीत होतं.

"गरम हाय," ती म्हणाली. "गरम हाय रं, बाला!" आणि बोलता बोलता तिला रडू फुटलं.

ती पट्टी तिनं पुन्हा पाण्यात टाकली नाही. निवेपर्यंत हातात धरून ठेवली.