कोचांचा निकाल लावणारी

कायझर्सलाउटर्नमधली माझी संशोधन संस्था आणि विद्यापीठाचा स्पोर्टहाल यांच्यामध्ये फक्त एक पार्किंग आहे. पहिल्या हिवाळ्यात मी तिथे बास्केटबॉल बघायला गेले ती हॉल गरम असतो आणि तिकीट नसतं म्हणून. पुढच्या हिवाळ्यापर्यंत चांगला कोच कसा असावा हे मला कळायला लागलं होतं. शाळेत मी खो-खोच्या टीममध्येसुद्धा राखीव होते, पण ते काही आड आलं नाही.

पहिले कोच शाळेतून निवृत्त झालेले मास्तर होते. टाइमआउटमध्ये दोन वाक्यं बोलायचे आणि उरलेला वेळ पोरांना श्वास घेऊ द्यायचे. टीम कधी जिंकायची, कधी हरायची. ‘माणूस झोपलाय,’ असा निकाल मी देऊन टाकला. दुसरा तरुण आला. बाकासमोर सतत येरझाऱ्या, हातवारे, आरडाओरडा. टीम वरच्या लीगमध्ये गेली आणि मी ऑफिसच्या किचनमध्ये त्याच्यावर भाषणं दिली. पुढच्या सीझनच्या मध्यातच तो मोठ्या क्लबकडे निघून गेला. टीम पुन्हा खाली आली, तेव्हा मला पहिल्यापासूनच शंका होती, असं मी सांगू लागले. तिसरी कोच म्हणजे तिथेच डॉक्टरेट करणारी एक मुलगी. तिच्याबद्दल माझं मत दर मॅचला नवं असायचं.

त्या वर्षी सासरे नागपूरहून आमच्याकडे आले. क्रिकेटच्या कॅप्टनांची तुलना करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं, त्यामुळे त्यांना विषय लगेच समजला. मी तिन्ही कोचांची हकिकत सांगितल्यावर ते म्हणाले, “म्हणजे पहिल्याने पेरलं आणि दुसऱ्याने कापून नेलं.”

“अहो बाबा, पण तो पहिला काही बोलायचाच नाही.”

“बोलणारे कमी आहेत का जगात?” ते म्हणाले. नवरा भाजी वाढून घेत होता. आम्ही दोघांनी कधी बास्केटबॉलला हात लावलाय का, एवढंच त्याने विचारलं. आम्ही त्याच्याकडे दुर्लक्ष केलं.

सीझन सुरू होण्याआधी शेजारच्या गावातल्या टीमशी एक सराव सामना होता. मी बाबांना घेऊन गेले. ऐनवेळी रेफरी आला नाही, तेव्हा कोचनेच शिट्टी गळ्यात अडकवली. मग टीमच्या बाकावर कोण? तिने प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर बसलेल्या आमच्याकडे पाहिलं आणि सरळ वर चढून आली. बाबांनी सवयीने हात जोडून “जय भीम” म्हटलं. तिनेही हात जोडून तेच परत म्हटलं आणि मग मला म्हणाली, “तुम्ही दर मॅचला इथून ‘आउसत्साइट’ म्हणून ओरडता. आज खाली बसून मागा.”

आउसत्साइट म्हणजे टाइमआउट. मी नाही म्हणणार होते, पण बाबांनी माझी पर्स काढून घेतली आणि म्हणाले, “जा.”

खाली सगळंच फार वेगात होतं. वरून मला नेहमी दिसायच्या त्या मोकळ्या जागा तिथून दिसेनात. आम्ही मागे पडायला लागलो, तशी मी टाइमआउट मागितला. घामाने निथळणारी, माझ्यापेक्षा हातभर उंच मुलं भोवती गोळा झाली आणि माझ्याकडे बघू लागली. इतक्या वर्षांचं माझं जर्मन कुठे गेलं कोण जाणे.

“पाणी प्या,” मी म्हणाले.

मुलं आज्ञाधारकपणे पाणी प्यायली. मग कॅप्टनने अदबीने विचारलं, “मग आता झोन डिफेन्स खेळायचा का?”

“गेनाऊ,” मी म्हणाले. म्हणजे ‘अगदी बरोबर’.

“की मॅन-टू-मॅनच चालू ठेवू?”

“हो, गेनाऊ.”

शेवटी त्यांनी आपापसात ठरवलं. थोड्या वेळाने एक जण कोर्टवरून माझ्याकडे बघून हात हलवायला लागला. मला वाटलं, धीर देतोय. मीही हात हलवला. त्याच्या पायात गोळा आला होता आणि त्याला बाहेर यायचं होतं. कोचने शिट्टी वाजवून खेळ थांबवला तेव्हा कुठे मला ते कळलं.

आम्ही सडकून हरलो. बसने नव्हे, चालतच घरी निघालो, कारण मला कुणाचं तोंड बघायचं नव्हतं. बाबांनी माझी पर्स परत दिली. मग म्हणाले, “पाणी प्या म्हणालीस ते बरोबर होतं.”

पुढच्या काही मॅचना मी तोंड मिटून बसले. एक दिवस कोच पार्किंगमध्ये भेटली. “तुम्ही ओरडत नाही हल्ली,” ती म्हणाली. “मुलांना वाटतं, तुम्ही त्यांच्यावर रागावलात.” त्यांनी माझं ओरडणं कधी ऐकलं असेल असं मला वाटलंच नव्हतं. जीव भांड्यात पडला, आणि मी पुन्हा सुरू झाले.

तिचा प्रबंध पूर्ण झाला आणि ती बॉनला नोकरीला गेली. बाबांचा नागपूरहून फोन येतो तेव्हा तब्येतीच्या आधी नव्या कोचची चौकशी होते. परवा तो नवा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. प्रॅक्टिसला चक्क इस्त्री केलेला शर्ट घालून आला होता. अजून एकही मॅच झालेली नाही, पण बाबांना मी कळवून टाकलं, “याचं काही खरं नाही.”