कोचबाईंशी अकरा मिनिटं

माझ्या मुलीचं अमेरिकेतलं शिक्षण मी अकरा मिनिटांत संपवलं. ते सुरू व्हायच्या आधीच!

जुई सहाव्या वर्षापासून नोएडातल्या आमच्या सेक्टरच्या पूलमध्ये पोहते. बॅकस्ट्रोकमध्ये तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. (हे वाक्य मी आज प्रथमच लिहितो आहे. तेव्हा बोललो असतो, तर हा लेख लिहायची वेळच आली नसती.) बारावीत असताना तिनं अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या कोचबाईंना आपले व्हिडिओ पाठवले. बाईंना ते फार आवडले. संघात एकच जागा उरली होती. ती मिळाली की शिष्यवृत्तीसकट प्रवेश पक्का. फक्त एकदा आईवडिलांशी बोलायचं होतं. रविवारी सकाळी सातला, व्हिडिओ कॉलवर.

"बाबा, प्लीज यार, जास्त बोलू नकोस," जुईनं बजावलं.

"बिल्कुल नाही!" मी इस्त्रीचा शर्ट चढवत म्हणालो.

कॉल लागला. (संभाषण इंग्रजीत झालं, लाज मराठीत मांडतो आहे.)

"तुमची मुलगी फार सुंदर पोहते," कोचबाई म्हणाल्या.

आता पुण्यात वाढलेला माझ्यासारखा माणूस यावर काय बोलणार? परक्यानं आपल्या पोराचं कौतुक केलं की ते तिथल्या तिथे खोडून काढायचं, ही आमच्या घरची रीत. नाहीतर दृष्ट लागते, शिवाय पोर डोक्यावर बसतं.

"छे हो! कसलं सुंदर!" मी म्हणालो.

बाईंचं हसू जरा ओसरलं. "मेहनती आहे ना?"

"कसली मेहनती! सकाळी तीनदा हाका माराव्या लागतात." (पोरगी रोज साडेचारला आपली आपण उठते. हाक शेवटची मारली होती सातवीत!)

"काही दुखापत?"

"खांदा दुखतो म्हणते अधूनमधून," आमच्या सौभाग्यवती मेधाबाईंनी तोंड घातलं, "पण नाटकं हो नुसती!"

टेबलाखालून जुईनं सणसणीत लाथ मारली. ती मला बसली. मी आणखी नम्र झालो.

बाई भराभर लिहून घेत होत्या. आईबाप बोलतात ते तिकडे खरं धरतात, हे आम्हाला कोण सांगणार?

"तिथे आणखी चांगलं कोण पोहतं?"

दुसऱ्यांच्या मुलांच्या बाबतीत आमची जीभ एकदम सैल! "वरच्या मजल्यावरची तान्या मल्होत्रा! काय पोहते! मासोळीच!" असं म्हणून मी तिच्या वडिलांचा फोन नंबरही देऊन टाकला. तान्यानं जुईला आजवर एकदाही हरवलेलं नव्हतं.

पुढचं मल्होत्राजींनीच लिफ्टमध्ये सांगितलं. "मैंने कहा, मैडम, मेरी बेटी चैंपियन है, चैंपियन! पानी में ही पैदा हुई है जी!"

जागा तान्याला मिळाली. जुईला ईमेल आली, तीत आमच्या प्रामाणिकपणाबद्दल खास आभार होते.

मल्होत्राजी मिठाई घेऊन आले. "भाईसाहब, सब आपकी मेहरबानी!"

"अरे नहीं जी," मी सवयीनं म्हणालो, "मैंने कुछ नहीं किया!"

जुई चिडली नाही, रडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. तिसऱ्या दिवशी मी तिला प्रॅक्टिसहून घरी आणत होतो, तेव्हा गाडीत तिनं खिडकीबाहेर बघत विचारलं, "बाबा, तुला खरंच तसं वाटतं?"

"कसं?"

"की मी आळशी आहे. तान्या माझ्याहून चांगली आहे."

मला वाटायचं, पोरीला आमची रीत ठाऊक असणार. पण नोएडात वाढलेली पोर, तिला ती कुणी सांगितलीच नव्हती. कोचबाईंनी अकरा मिनिटं माझं बोलणं खरं धरलं होतं. जुईनं सतरा वर्षं. जागा गेल्याचं दुःख होतंच, पण ह्याची भरपाई कुठून करायची ते मला आजही कळलेलं नाही.

मी गाडी कडेला घेतली. सांगायचं होतं की, तुला पोहताना बघून दर वेळी माझे डोळे भरतात. शब्द अगदी घशापर्यंत आले. मागून हॉर्न वाजत होते. जुई वाट बघत होती.

"तशी..." मी म्हणालो, "ठीक पोहतेस गं तू."

घरच्या कुणाचंही एवढं कौतुक मी आयुष्यात केलेलं नाही. हवं तर मेधाला विचारा!