बिनगाड्यांच्या बेटावर एअरपोर्टवाले काका

अमेरिकेत, डेट्रॉईटजवळच्या आमच्या ट्रॉयमध्ये कुणाचे आई-वडील पहिल्यांदा भारतातून येणार असले, की तिकीट काढण्याआधी आमच्याकडे फोन येतो. मुलाला मीटिंग असते, सुनेला सुट्टी मिळत नाही, आणि माझ्या नवऱ्याला गाडी बाहेर काढायला निमित्तच हवं असतं. डेट्रॉईटच्या एअरपोर्टवर जायचं, दारातून भांबावून बाहेर आलेल्या जोडप्याला थर्मासमधला चहा द्यायचा, बॅगा डिकीत बसवायच्या आणि घर येईपर्यंत फ्रीवेवरून उतरायच्या एकेका एक्झिटचा इतिहास ऐकवायचा, असा ह्यांचा ठरलेला कार्यक्रम. इथल्या मराठी मंडळातल्या अर्ध्या लोकांना ह्यांचं नाव ठाऊक नाही. सगळे एअरपोर्टवाले काका म्हणतात.

नोकरीही गाड्यांचीच, त्यातही ब्रेकची. त्यामुळे शेजारच्या सीटवर बसून मी घाबरून उजवा पाय पायाखालच्या मॅटवर दाबला की ह्यांना तो आपल्या हयातभराच्या कामाचा अपमान वाटतो. "तिकडे पेडल नाही," हे शांतपणे सांगतात. मला ते ठाऊक आहे. पाय ऐकत नाही, त्याला मी काय करू?

मागच्या हिवाळ्यात ह्यांनी ड्राइव्हवेतून बाहेर पडताना आमचीच मेलबॉक्स आडवी केली. बर्फामुळे खांब सरकला होता, असं कारण मिळालं. मग शेजाऱ्यांचा कचऱ्याचा डबा उडाला. तो म्हणे चुकीच्या जागी ठेवला होता. आम्ही इथे राहायला आल्यापासून तो डबा त्याच जागी असतो. शेवटी मी ह्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, म्हणजे ह्यांनी मला नेलं, कारण गाडी हेच चालवत होते. डॉक्टर म्हणाले, समोरचं चांगलं दिसतंय, पण बाजूचं दिसणं कमी होत चाललंय. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं थेंबांनी टिकवू. गाडी मात्र आता सोडलेली बरी.

घरी येतानाही हेच चालवत आले. वाटेत एवढंच म्हणाले, की डॉक्टर फार तरुण आहे.

मला भीती वाटायला लागली. डबा उचलून सरळ करता येतो, पण एखाद्या दिवशी बाजूने सायकलवरचं पोर आलं तर? रोज सकाळी मी हे बोलायचं ठरवायची आणि रोज गिळून टाकायची. त्यात माझाही थोडा स्वार्थ होता. मी गाडी चालवते ती ट्रॉयमधल्या ट्रॉयमध्ये, दुकान, देऊळ आणि लायब्ररी. फ्रीवेवर मी जन्मात गेलेले नाही. ह्यांनी किल्ली सोडली तर ती माझ्याच हातात येणार होती.

आमची लेक व्हर्जिनियात असते. वीकेंडला पाणी भरलेल्या जुन्या खाणीत डायव्हिंग करते, पैसे देऊन. तिला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, त्यांना लेक्चर नको. त्यांना व्हेकेशन दे." मग तिने भूमध्य समुद्रातलं ग्रीसचं एक चिमुकलं बेट शोधलं आणि स्वतःही आमच्याबरोबर यायचं ठरवलं. पोहायचं, डोंगर चढायचे, पाण्याखाली मासे बघायचे, असं सगळं बाबांना रंगवून सांगितलं. त्या बेटावर एकही मोटारगाडी नाही, एवढं मात्र आम्ही मायलेकींनी पोटात ठेवलं.

ह्यांनी जोरदार तयारी केली. परदेशात गाडी चालवायचा परवाना काढून आणला. युरोपात चौकाचौकात वर्तुळं असतात असं कळल्यावर जवळचं एक वर्तुळ हुडकून सरावासाठी त्याला इतक्या प्रदक्षिणा घातल्या, की शेजारी बसून माझं डोकं गरगरायला लागलं. मी मनातल्या मनात मात्र फार हसले.

तयारीत माझाही वाटा होता. अमेरिकेतून कुठेही निघालं तरी आपला हात आपोआप बाथरूममधल्या वजनकाट्याकडे जातो. बॅगेत एक पौंड जागा उरली तर ती विमान कंपनीला फुकट दिल्यासारखं वाटतं. मी भारतात जायच्या सवयीने चार मोठ्या बॅगा काठोकाठ भरल्या. पोहे, मेतकूट, चिवडा, छोटा कुकर, आणि बेटावर कुणाला तरी द्यायला लागतील म्हणून बेसनाचे लाडू. बेटावर आमचं कोण होतं, देव जाणे.

बोटीतून उतरल्या उतरल्या हे धक्क्यावर भाड्याच्या गाड्यांचं ऑफिस शोधायला लागले. लेकीने सांगितलं, "बाबा, इथे कार्स नाहीत."

"सगळ्या भाड्याने गेल्या?"

"नो, बाबा. अलाउडच नाहीत."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी एका मासेमारीच्या होडीकडे अतिशय रस घेऊन बघत होते.

बॅगा न्यायला खेचरं होती, पण मेतकूट खेचराच्या पाठीवर जाणं ह्यांना पसंत नव्हतं. घरमालकिणीने धक्क्यावर एक ढकलगाडी ठेवली होती. ह्यांनी तिची चाकं तपासली, ब्रेक नसल्याबद्दल नापसंती दाखवली आणि दांडा हातात घेतला. आम्हाला हात लावू दिला नाही. चढाच्या अरुंद गल्लीतून हे घामाघूम होत निघाले आणि पहिल्याच वळणावर गाडीची डावी बाजू एका म्हाताऱ्या बाईच्या कुंडीवर आदळली. लाल फुलांची कुंडी गडगडत खाली गेली. बाई बाहेर आल्या आणि भाषा कळत नसूनही त्या काय म्हणताहेत ते आम्हाला स्वच्छ कळलं. मी बॅग उघडून त्यांना लाडवांचा डबा दिला. निदान लाडू कुणासाठी आणले होते ते तरी समजलं.

"कुंडी चुकीच्या जागी होती," हे म्हणाले. मी लेकीकडे पाहिलं. ह्या वेळी आम्ही दोघीही हसलो नाही.

बाकी बेट छान होतं. सकाळी उठून खडकावरून थेट समुद्रात उतरायचं. हे नदीकाठच्या गावात वाढलेले, डोकं बाहेर ठेवून मजेत पोहतात. मी म्हातारपणी ट्रॉयच्या तलावात शिकलेली, त्यामुळे प्रत्येक हात मारताना शिकवणारीची सूचना आठवून मारते. दुपारी बकऱ्यांच्या वाटेने डोंगर. चढताना हे अधूनमधून आमचा वेग जाहीर करायचे, ताशी दोन मैल, आता दीड, आता काकू पार्किंगमध्ये. मी दगडावर बसून पाणी पीत असायची.

तिथे एक नवीनच गोष्ट सुरू झाली. चालताना हे माझा हात धरायला लागले. सगळा संसार झाला, ह्यांनी रस्त्यात माझा हात कधी धरला नव्हता. मी उजवीकडे असले की वळसा घालून मला डावीकडे घ्यायचे आणि मग हात धरायचे. मला वाटलं, समुद्राची हवा मानवली. मी जराशी खुलले, खोटं कशाला बोलू? केसात फूलही खोचलं.

मग डायव्हिंगचा दिवस आला. ह्यांच्या डॉक्टरांना लेकीने आधीच विचारलं होतं. त्यांची हरकत गाडीला होती, पाण्याला नव्हती. उथळ खाडीत, शिकवणाऱ्या माणसाच्या नजरेखाली, नवशिक्यांचं डायव्हिंग. तोंडाला नळी, पाठीवर टाकी आणि चेहऱ्यावर मास्क. मास्क बसला आणि माझ्या दोन्ही बाजूंना भिंती आल्या. समोर सगळं लख्ख, निळं पाणी, चंदेरी मासे, पांढरी वाळू. बाजूला काहीच नाही.

मी ह्यांना शोधायला डावीकडे नजर वळवली. हे नव्हते. उजवीकडेही नव्हते. नळीतून येणारा श्वास एकदम मोठ्याने ऐकू यायला लागला. घाबरून पाय झाडला तर तो कशाला तरी लागला. अख्खी मान वळवून पाहिलं, तेव्हा हे माझ्या खांद्याला खांदा लावून, निवांत, स्वतःची मांडी चोळत होते. सगळा वेळ तिथेच होते.

आणि हे काय करत होते? मान पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे, पुन्हा डावीकडे. सावकाश, न चुकता. खडकाच्या फटीत बसलेला ऑक्टोपस ह्यांनाच दिसला. लेकीला नाही, मला तर नाहीच.

बाहेर आल्यावर शिकवणाऱ्याने ह्यांची पाठ थोपटली. म्हणाला, नवीन माणसं समोरच बघत राहतात, मान वळवायला शिकवण्यातच माझा वेळ जातो. हे गृहस्थ शिकूनच आलेत. लेकीला बापाचा अभिमान वाटला. हे खडकावर टॉवेल गुंडाळून बसले होते. लेक टाक्या परत करायला गेल्यावर म्हणाले, "मास्क लावल्यावर तुला काय दिसलं?"

"समोरचं सगळं दिसलं," मी म्हटलं. "बाजूचं काही नाही. तुम्ही शेजारी होतात तरी दिसला नाहीत. फार घाबरले मी."

"मला मास्क न लावता तसंच दिसतं. डावीकडचं जास्त गेलंय." टॉवेल अंगाभोवती ओढून घेत म्हणाले, "म्हणून चालताना तुला त्या बाजूला ठेवतो."

मला रडू आलं. एवढे दिवस ह्यांना सगळं ठाऊक होतं आणि मेलबॉक्सपासून कुंडीपर्यंत सगळ्यांना चुकीच्या जागी उभं करत बसले होते. रागही आला. पण समुद्रातून बाहेर आलेल्या बाईचे डोळे लाल का, असं कुणी विचारत नाही, तेवढी सोय होती. केसातलं फूल पाण्यातच गेलं होतं. मी विचारलं, मग गाडीचं काय? हे म्हणाले, भूक लागलीय, मेतकूट-भात कर.

पुढचे दिवस मी तो विषय काढला नाही. ह्यांनीही नाही. परत निघताना ढकलगाडीचा दांडा पुन्हा ह्यांच्याच हातात होता. फक्त ह्या वेळी मी डाव्या बाजूने पुढे चालत होते आणि ओरडत होते, कुंडी, पायरी, मांजर, पुन्हा कुंडी. म्हाताऱ्या बाई दारात उभ्या होत्या. कुंडी दोन्ही हातांनी छातीशी धरून.

डेट्रॉईटला उतरलो तेव्हा लख्ख दुपार होती. आमची गाडी पार्किंगमध्ये धुळीने भरून उभी होती. ह्यांनी बॅगा डिकीत बसवल्या, नेहमीसारख्या, एक इंच वाया न घालवता. मग डिकी बंद केली, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि उजव्या दाराने आत जाऊन पट्टा लावून बसले.

"फ्रीवेनेच जा," म्हणाले. "आतल्या रस्त्याने गेलीस तर रात्रीचं जेवण गाडीत होईल."

मी फ्रीवेवर आले. बाजूने एक अगडबंब ट्रक गेला आणि मी देवाचं नाव घेतलं. शेजारी काहीतरी हललं म्हणून एका डोळ्याने पाहिलं, तर ह्यांचा उजवा पाय मॅटवर दाबलेला होता. चांगला जोर लावून.

"तिकडे पेडल नाही," मी म्हटलं.

"माहितीये." हे मान पूर्ण डावीकडे वळवून माझ्याकडे बघत होते. "आता तू डावीकडेच आहेस."

तेवढ्यात गाडीतल्या स्पीकरवर फोन वाजला. मंडळातला एक मुलगा होता. काका, शनिवारी आई-बाबा येताहेत, फर्स्ट टाइम आहे, जमेल का, असं त्याने विचारलं. मी रस्त्यावरची नजर काढली नाही. ह्यांनी आधी मॅटवरचा पाय उचलला.

"जमेल," हे म्हणाले. "फक्त आता काकू ड्राइव्ह करतात. चहा मी आणतो."

ऐकण्याच्या नादात माझा एक्झिट चुकला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, सीट जराशी मागे घेतली आणि पुढच्या एक्झिटचा इतिहास सांगायला घेतला.