एक मार्चची तारीख

खोटं कशाला बोलू? त्या बैठकीचा वृत्तांत मीच टाइप केला. मी डॉटी, मॅसॅच्युसेट्समधल्या एका लहानशा कॉलेजात इतिहास विभागाची एकवीस वर्षं कारकून.

मायरा लिंडक्विस्ट ही विभागातली एकुलती एक बाई प्राध्यापक. तिच्या आईची दोन बोटं कापडगिरणीत गेली होती, म्हणून हिने गिरणीतल्या पोरींचाच इतिहास लिहायला घेतला. विभागातल्याच प्राध्यापक वॉरन ऑल्ड्रिच साहेबांना त्याचं हसू यायचं. "पोरींनी सूत कातलं, त्यात कसला आलाय इतिहास?" म्हणायचे. आणि वर, "मायरा, कॉफी तूच कर हं. तुझ्या हाताला चव आहे." मेल्याचे हात काय मोडले होते?

नऊ वर्षं मायरा सुट्टी मिळाली की म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या माळ्यांवर चढत राहिली. एल्स्पेथ नावाच्या एका आजीने तिला संपाची हाक देणारं जुनं पत्र दाखवलं, पण घराबाहेर न्यायचं नाही या अटीवर. भर जानेवारीत गारठलेल्या बोटांनी मायराने ते टिपणाच्या कार्डावर उतरवून घेतलं आणि सात मार्चच्या जागी एक मार्च लिहून बसली. पुढच्या वर्षी पुन्हा जाऊन ताडून पाहिलं, तेव्हा चूक सापडली. आपल्या हस्तलिखितात तिने ती सुधारली. कार्ड मात्र तसंच राहिलं.

आमच्या विभागात कार्डांच्या खणाला कुलूप लावणं असभ्यपणाचं समजत. सहकाऱ्याने मागितली की द्यायची. वॉरनने मागितली. "अगं, नुसती नजर टाकतो." नजर कसली, डल्लाच मारला! मायरा प्रकाशकांचे उंबरे झिजवत होती, तोवर याचं जाडजूड पुस्तक बाजारात आलं. गिरणीतल्या पोरींवर! त्यात ते पत्र होतं, आणि त्यावर तारीख होती एक मार्च.

ते पान मला दाखवताना मायराचा चेहरा उजळला होता. "डॉटी, सापडला गं! खऱ्या पत्रावर सात आहे. एक फक्त माझ्या कार्डावर."

त्याच वसंतात तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे ठरणार होतं. समितीत पाच पुरुष. मायराने कार्ड ठेवलं, पत्राचा फोटो ठेवला, 'पत्र बघायला माझ्या घरी कुणी पुरुष आलाच नाही' अशी एल्स्पेथआजीची चिठ्ठी ठेवली. मला वाटलं, आता वॉरन मेला.

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "म्हणजे चूक मुळात तुमची?"

"कार्डावरची माझी. पण मी ती सुधारली, साहेब. त्यांनी—"

"हो की नाही, एवढंच सांगा."

"हो."

"डॉटी, लिहून घ्या. एक मार्च चूक, सात मार्च बरोबर. बाई तारखांच्या बाबतीत निष्काळजी. कायम करण्यास अपात्र." मग माझ्याकडे बघून, "आणि बाईंकडून एवढी कॉफी घ्या हो करून."

कॉफीसाठी मी उठले नाही, पण वृत्तांत लिहिला. माझ्याही चुलीचा प्रश्न होता, आणि खरं सांगायचं तर मी घाबरले होते. मायरा मेन राज्यात एका शाळेत शिकवायला गेली. तिचं हस्तलिखित पाहून प्रकाशक म्हणायचे, या विषयावर ऑल्ड्रिच साहेबांचं पुस्तक आहे की!

दोन वर्षांनी त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. साहेबांनी सही करून मला एक प्रत दिली. पत्रावरची तारीख आता सात मार्च होती. बैठकीचा वृत्तांत त्यांनी बारकाईने वाचलेला दिसत होता. प्रस्तावनेत एक ओळ होती: 'एका तारखेच्या दुरुस्तीसाठी आमच्या दक्ष टंकलेखिका डॉटी यांचे आभार.'

माझे! मी ती प्रत मायराला पाठवली, पायावर डोकं ठेवावं तशी चिठ्ठी लिहून. तिचं उत्तर एका जुन्या कार्डाच्या पाठीवर आलं.

"डॉटी, तुझ्यावर राग नाही. पण त्या पुस्तकात माझी म्हणून दाखवता येईल अशी ती चूक एवढीच गोष्ट होती गं."