बाभळीची गेली, प्लास्टिकची आली

ज्याच्या खिशात किल्ली, त्याच्याकडे किस्से साठतात. लालबागच्या आमच्या व्यायामशाळेची किल्ली माझ्याकडे आहे. सगळ्यांच्या आधी मी येतो, सगळे गेले की कुलूप मीच लावतो. मधलं सगळं दिसतं. मी चौथी शिकलेला, माझगावच्या गोदीत सुतार होतो. लिहायची सवय नाही. पण हे पोटात ठेवून आता त्रास व्हायला लागलाय.

आठवड्यातून तीन संध्याकाळी इथे जपानी तलवारीचा क्लास असतो. शिकवतात कुडाळकर सर, दिवसा कुठल्याशा कचेरीत क्लार्क. सरावाला लाकडाची तलवार असते, बिनधारेची. बोक्केन म्हणतात तिला. चार वर्षं त्या मीच तासून दिल्या. रे रोडच्या वखारीतली बाभूळ.

सर म्हणायचे, "काका, जपानहून मागवली तरी अशी येणार नाही!"

मी म्हणायचो, "मग मागवू नका!"

*

गणपतीत क्लास बंद असतो. गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. विसर्जनानंतरच्या पहिल्याच दिवशी शर्लिन आणि परबबाई सरावाला समोरासमोर होत्या. शर्लिन माझगावची, बँकेत आहे. परबबाई इथेच मसाला कांडतात. वय पन्नाशीचं, मनगट माझ्या दीडपट.

परबबाईंनी वार केला. शर्लिनने अडवला आणि तिच्या हातातली तलवार मधोमध फुटली. ढलपी उडाली ती थेट शर्लिनच्या भुवईत घुसली. पाच टाके पडले. जरा खाली लागली असती तर डोळा गेला होता.

दवाखान्यात नेताना टॅक्सीत रडत होत्या परबबाई. शर्लिन रुमाल दाबून त्यांनाच सांगत होती, "मावशी, डोळा आहे जाग्यावर. तुम्ही दिसताय मला. रडताना अजिबात चांगल्या दिसत नाही!"

परत येऊन मी तुकडे गोळा केले. जिथे फुटली तिथे लाकडाला गाठ होती. तासताना मला ती दिसली होती. चालेल म्हटलं आणि वरून तेल लावलं.

सर म्हणाले, "काका, तुमची काय चूक? लाकूडच ते."

मी गाठेचा तुकडा पोत्यात तळाशी टाकला.

*

सरांनी ठरवलं, आता लाकूड बंद. प्लास्टिकची घ्यायची, ढलप्या उडत नाहीत. आम्ही दोघं दादरच्या एका खेळाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने काळीभोर तलवार काढली, बटण दाबलं. लाल दिवा लागला!

"पोरं खूप नेतात ही," म्हणाला.

मी म्हटलं, "आम्हाला वार शिकायचाय. आरती नाही करायची!"

सर मला हाताला धरून बाहेर घेऊन आले.

*

मग सरांनी ऑनलाइन तीन मागवल्या. एक पोकळ. एक लवचिक, अडवली की टोक डुलायचं. तिसरी भरीव, वजनाला लाकडाएवढी. परबबाईंनी जुन्या टायरवर तिन्ही हाणून बघितल्या.

पोकळ हातात घेऊन म्हणाल्या, "हिने माझी मिरची पण फुटायची नाही!"

भरीव मात्र टायरवर वाजवली. पुन्हा वाजवली.

मला ते बघवेना. मी पेटीतला हातोडा आणला आणि भरीववर दोन घाव घातले. फुटावी म्हणूनच घातले. टवकासुद्धा उडाला नाही.

सर म्हणाले, "पास झाली, काका?"

"मुठीपाशी साच्याची शिवण आहे. तळहात सोलेल," मी म्हटलं, आणि पॉलिश पेपर घेऊन तीच घासायला बसलो. काय करणार!

*

खंडेनवमीला आम्ही पाटावर तलवारी मांडून पूजा करतो. शर्लिन दरवर्षी यायची, स्वतः हार करून आणायची. यंदा नव्हती आली. सरांनी तिन्ही प्लास्टिकच्या मांडल्या.

मी म्हटलं, "प्लास्टिकला हळदकुंकू? माझ्या हातून नाही व्हायचं!"

परबबाई म्हणाल्या, "काका, तुमच्या दाराला तोरण कसलं हो?"

मी निरांजनाची वात सारखी करायला लागलो.

"बारमाही झेंडू! धुऊन पुन्हा लावतात!" त्यांनी सरांना सांगितलं.

लावलं हळदकुंकू. सर म्हणाले, "यातली कुठली घ्यायची ते शर्लिन ठरवेल. तिने पुन्हा हातात धरली पाहिजे, तर खरं." मग हळूच म्हणाले, "आली तर."



*

दिवाळी झाल्यावर शर्लिन आली. भुवईत रेघ, तिथे केस उगवलेले नाहीत. बाकी कोणी आलं नव्हतं. मी केर काढत होतो. झाडू हातात तसाच, मी बोलून टाकलं.

"शर्लिन, त्या लाकडाला गाठ होती. मला दिसली होती. तरी तुला दिली मी."

तिने चपला काढल्या. उंबऱ्यात वाकून नमस्कार केला, क्लासचा नियम आहे तो. माझ्याकडे बघितलं नाही.

"तिन्ही काढा, अंकल."

काढल्या.

"इकडे मध्ये उभे राहा. हलू नका."

उभा राहिलो. तिने लवचिक उचलली, डोक्यावर नेली आणि माझ्या कपाळावर आणली. हात थांबला, टोक डुलत राहिलं. दोनदा केसांना लागलं.

"ही नको."

पोकळ घेतली. ती वीतभर आधीच थांबली.

"हिचा हाताला पत्ताच लागत नाही."

मग भरीव उचलली. तिने श्वास घेतला, डोक्यावर नेली. वारा तोंडावर आला. माझ्या भुवईवर दोन बोटं अंतर ठेवून तलवार थांबली. मी डोळे मिटले नव्हते. तिनेही नाही.

जिन्यावर पावलं वाजली. सर दारात आले आणि तिथेच थबकले.

"शर्लिन? काय चाललंय?"

तिने तलवार खाली घेतली नाही.

"ही थांबते, सर," ती म्हणाली. "हीच घेऊ."