ट्रक ओढून नाही राहिला

मावशीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते. ओहायोतल्या त्या डब्लिनमध्ये येऊन मला दीड-दोन वर्षं झाली होती आणि डॅलसजवळच्या अर्विंगहून असा फोन कधीतरी येणार हे माहीत होतं. "गेले गं काका," ती म्हणाली. "लवकर ये. लोक येतील आता. ड्राइव्ह-वेमध्ये ट्रक उभा आहे, तो हलवायला हवा. दुसऱ्या कुणाला मी त्यात बसू देणार नाहीये."

सदानंदकाका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. मूळचे नागपूरचे, एका विमा कंपनीत कॉम्प्युटरचे जुन्या पद्धतीचे प्रोग्रॅम सांभाळायचे. मी नोकरीसाठी पहिल्यांदा डॅलसला उतरले तेव्हा ते मला घ्यायला आले ते या ट्रकमधून. निळा रंग उडालेला जुना डिझेल पिकअप, गिअर हाताने टाकायचे. मला अनोळखी माणसांशी पटकन बोलता येत नाही. मराठीत तर आणखीच अडखळायला होतं, कारण शाळा सगळी इंग्रजी. काकांनी ते ओळखलं असावं. घरी पोचेपर्यंत त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. इंजिनाचा आवाजच इतका होता की गप्प बसणं अगदी साजून गेलं. पुढे मी त्यांच्याकडे राहायला लागल्यावर शनिवारी सकाळी गॅरेजमध्ये त्यांच्यासाठी टॉर्च धरणं हे माझं काम झालं. तो ट्रक चालवायलाही त्यांनीच शिकवलं.

अर्विंगमध्ये नव्याने आलेल्या कितीतरी मराठी घरांतली पहिली गादी त्या ट्रकमधून आलेली आहे. कुणी अपार्टमेंट घेतलं की फोन यायचा, "काका, एक सोफा आहे..." आणि काका निघायचे. मंडळाच्या गणपतीचं मखर, मोठी पातेली, घडीची टेबलं सगळं त्यातूनच जायचं. मंडळातले लोक चिडवायचे, "काका, गणपतीचं वाहन बदललं वाटतं! उंदरापेक्षा याचा आवाज जास्त आहे." काका म्हणायचे, "अबे, उंदीर तुझा सोफा नेणार आहे का?"

एका उन्हाळ्यात त्यांची तक्रार सुरू झाली. हायवेवर चढायच्या उंच फ्लायओव्हरवर ट्रक मागे पडायला लागला होता. एकदम नाही, हळूहळू. आधी चौथ्या गिअरमध्ये चढायचा, मग तिसऱ्यात घ्यावा लागायला लागला. जेवताना ते म्हणाले, "ओढून नाही राहिला." मावशी पुण्याची. ती म्हणाली, "ओढत नाही म्हणा. आणि त्याचं वय झालं, तुमच्यासारखंच."

मग आमचे शनिवार त्या शोधात गेले. काकांची रीत ठरलेली होती. जे सोपं ते आधी बघायचं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. "दोन गोष्टी बदलल्या तर कशाने बरं वाटलं ते कळत नाही," ते म्हणायचे. बदल केला की तोच फ्लायओव्हर, मागे तितकंच वजन, आणि मी शेजारी बसून गिअर आणि वेग बघायचा. आधी हवेचा फिल्टर काढला, तो धुळीने काळा झाला होता. ट्रक थोडा सुधारला. मग डिझेलचा फिल्टर. मग टर्बोपासून हवा नेणाऱ्या रबरी पाइपवर साबणाचं पाणी टाकून बघितलं, तर एका भेगेतून बुडबुडे आले. काका लहान मुलासारखे खूश झाले. पाइप बदलला. खरोखरच चढला ट्रक. पण महिन्याभरात त्यांचं पुन्हा सुरू, "नाही, ओढून नाही राहिला."

त्याच दिवसांत मला आणखी काही दिसत होतं. गॅरेजच्या उंबऱ्याला ते अडखळायचे. उजव्या पायातली सपात चालता चालता मागे राहायची आणि ते मागे वळून तिच्याकडे अशा रागाने बघायचे की मावशीला हसू यायचं. मलाही यायचं. ट्रक आणि पाय या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायचं मला सुचलं नाही. कुणालाच सुचलं नाही.

एका शनिवारी काका म्हणाले, केबल बघू. त्या ट्रकमध्ये अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल दाबलं की एक केबल ओढली जाते आणि इंजिनावरच्या डिझेलच्या पंपाचा एक खटका फिरतो. पूर्ण दाबलं की खटका पुढच्या स्क्रूला जाऊन टेकायला हवा. इंजिन बंद ठेवून काका आत बसले, मी बॉनेटखाली टॉर्च घेऊन उभी राहिले.

"दाबा काका."

"दाबलंय."

खटका फिरला आणि स्क्रूच्या बोटभर अलीकडे थांबला. "पूर्ण दाबलंत?"

"अगं, फुल! जमिनीला लागलंय."

मी म्हटलं, टेकत नाहीये. "सापडलं!" काका आतून ओरडले. "केबल सैल झाली. किंवा मॅट अडकत असेल." त्यांनी पायाखालची मॅट ओढून बाहेर फेकली. पुन्हा दाबलं. पुन्हा बोटभर अंतर. ते उतरून पुढे आले, डोळे चमकत होते. "तू बस. मी बघतो."

मी बसले. दाबलं. बॉनेटखालून 'टक' असा आवाज आला.

"सोड... परत दाब." टक.

"परत."

टक.

बॉनेटमुळे मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. फक्त गाडीच्या कडेवर टेकवलेला हात दिसत होता, ग्रीस लागलेला. तो बराच वेळ तसाच राहिला. मग त्यांनी बॉनेट नेहमीसारखं न आदळता दोन्ही हातांनी हळू खाली घेतलं. "केबल बरोबर आहे," ते म्हणाले, आणि आत जाऊन खूप वेळ हात धूत राहिले. मी तिथेच बसून होते. पाय अजून पेडलवरच होता.

पुढचं डॉक्टरांनी केलं, जवळजवळ काकांच्याच रीतीने. पाठ बघितली, नसा बघितल्या, रक्त बघितलं, एकेक शक्यता बाजूला काढली. शेवटी उरलं ते असं की स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशीच विझत चालल्या होत्या. पायापासून सुरू झालं होतं, हळूहळू वर जाणार होतं. काकांनी डॉक्टरांना इंग्रजीत विचारलं की कोणता पार्ट बदलायचा. डॉक्टर हसले नाहीत. म्हणून मग काकाही हसले नाहीत.

त्यानंतर माझी बदली ओहायोला झाली. दर खेपेला गेले की काही ना काही कमी झालेलं असायचं. आधी काठी आली, मग चाकांची खुर्ची, मग हात गेले, मग शब्द. फोनवर त्यांचं बोलणं मावशी मला समजावून सांगायची. एक प्रश्न मात्र मला कळायचा, तो नेहमीचाच होता. माझ्या छोट्या गाडीबद्दल विचारायचे, "ओढते ना?" मी म्हणायचे, "हो काका, मस्त." एवढंच आमचं बोलणं.

मी पोचले तेव्हा पहिल्या एक-दोन गाड्या रस्त्याच्या कडेला लागल्या होत्या. मावशीने किल्ली हातात दिली. ट्रक चालू झाला, मी रिव्हर्स टाकला आणि सवयीने पेडल दाबलं. ते पेडल कसं जड होतं हे माझ्या पायाला पाठ होतं... पण पाय नुसता टेकला आणि इंजिन ओरडलं, ट्रक मागे उसळला. पत्रपेटीच्या जरा अलीकडे मी ब्रेक लावला. पाय पुन्हा हळूच ठेवून बघितला. पेडल पिसासारखं हलकं होतं.

उतरून बॉनेट उघडलं. खटका मागे खेचायला तिथे दोन स्प्रिंगा असतात. एक तुटली तर दुसरी हवी म्हणून; पेडल जड लागतं ते या दोघींच्या ओढीमुळे. आता एकच होती. दुसरी मला आत अ‍ॅश-ट्रेमध्ये सापडली, स्वच्छ पुसून कागदी रुमालात गुंडाळलेली.

मावशी मागे येऊन उभी होती. "आजार कळला त्या वर्षी, तू ओहायोला गेल्यावर, गणपतीला स्वतःच घेऊन गेले ट्रक," ती म्हणाली. "मी किती ओरडले. परत आले ते असे खुशीत! म्हणाले, आज ओढला बरं का, चौथ्यात चढला. मला वाटलं, मला बरं वाटावं म्हणून बोलताहेत."

स्प्रिंग बसवायला दोन मिनिटंसुद्धा लागली नसती. मी ती रुमालात गुंडाळून होती तिथे ठेवली. मग ट्रक बाजूला घेतला, पाय अगदी अलगद ठेवून. लोक यायला लागले होते.